ड्रायरखाली हललेली मान

या मित्रांनो, बसा. घाबरू नका, चटका बसणार नाही. मी एक जुना ड्रायर आहे, केस वाळवण्याचा. तुमच्या घरी जो हातात धरून फिरवतात तो माझा लांबचा पुतण्या. त्याला बसायला खुर्ची नाही आणि बोलायला विषय नाहीत. मी खुर्चीसकट आहे. खाली गुलाबी रेक्झिनची गादी, पाठीमागे दांडा आणि वर डोक्यावर ओढून घ्यायचा मोठा चकचकीत टोप. अमेरिकेतल्या आमच्या डेटन गावाला विमानाचा फार अभिमान आहे, कारण ते बनवणारे दोघे भाऊ इथलेच. माझ्याही पोटात मोटर होती, पंखा होता, घरघर होती. पण मी कधी उडालो नाही. माझ्याखाली बसून बायकांच्या तोंडून जे उडालं, त्याचीच ही गोष्ट आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही चार भाऊ एकाच ट्रकमधून नदी ओलांडून पश्चिमेच्या कृष्णवर्णीय वस्तीत आलो. तिथे मिस लुवेनिया टॉलिव्हर यांनी नुकतंच पार्लर उघडलं होतं. आमच्या वस्तीत मान द्यायच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, पुढे 'मिस' लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. मिस लुवेनिया तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या, पण केस त्यांच्या हातात द्यायचे म्हटल्यावर साठीच्या बायकाही त्यांना मिसच म्हणत. त्यांनी आम्हाला भिंतीशी ओळीनं बसवलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाल्या, "पोरांनो, शनिवारी दम खायला मिळणार नाही. रविवारी चर्च. सोमवारी पार्लर बंद."

दारावर तशी पाटीही लागली: 'सोमवारी बंद'. सगळ्या गावातली पार्लरं सोमवारी बंद असतात. शनिवारभर उभं राहून सुजलेले पाय रविवारी चर्चमध्ये आणखी सुजतात, ते सोमवारी उतरतात.

माझ्या ऐन उमेदीत मी फार लोकप्रिय होतो. इस्टर आलं, लग्न आलं, शाळा संपतानाचा मोठा नाच आला, की माझ्यासमोर रांग लागायची. डोक्याला रोलर गुंडाळलेल्या बायका मासिक चाळत बसायच्या आणि माझ्याखालची बाई कधी उठते इकडे डोळा ठेवायच्या.

आता माझा एक दोष सांगतो. मी फार आवाज करत असे. माझ्याखाली बसलेल्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. त्यामुळे त्याला दोन सवयी लागत. पहिली ही की, आपण स्वतःशी पुटपुटतोय असं त्याला वाटे आणि ते पुटपुटणं रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याला स्पष्ट ऐकू जाई. दुसरी ही की, समोरचा काय विचारतोय ते कळत नसे, म्हणून तो गोड हसून मान हलवी. कॉफी देऊ का? मान. फार गरम होतंय का? मान. घराला आग लागली आहे, चालेल ना? मान.

यातून अनर्थ होऊ नये म्हणून मिस लुवेनियांनी एक नियम घालून दिला: ड्रायरखालचं धरायचं नाही. माझ्याखाली कुणी काही बोललं, कबूल केलं, कशालाही मान हलवली, तरी ते ऐकलंच नाही असं समजायचं. एकदा एका नवऱ्या मुलीनं लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्याखाली बसून एका पुरुषाचं नाव मोठ्या प्रेमानं घेतलं. ते नवऱ्या मुलाचं नव्हतं. त्या क्षणी पार्लरमधल्या यच्चयावत बायकांना आपापल्या मासिकातली पाककृती अत्यंत वाचनीय वाटू लागली. लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे. नाव विचारू नका. नियम मलाही लागू आहे.

मग दिवस बदलले. कुणी वेण्या घालू लागलं, कुणी केस होते तसे सोडू लागलं, कुणी तयार केसांचे टोप विकत आणू लागलं. आमची गरज कमी झाली. माझा एक भाऊ बिघडला, दुसरा बिघडला, तिसराही गेला. प्रत्येकाचा एखादा भाग माझ्यात बसवला गेला. एकत्र कुटुंब म्हणतात ते हेच. माझ्या गादीला चिरा पडल्या, त्यांवर चिकटपट्ट्या आल्या. माझ्यावर टॉवेल वाळत घालू लागले. ते सगळ्यात वाईट. माणसांचे केस वाळवणाऱ्यावर टॉवेल वाळत पडावेत, यापरता दैवदुर्विलास नाही.

अशा पडत्या काळात रोशेल आली. रोशेल शाळेत चित्रकला शिकवायची. आमच्या वस्तीत चित्रं काढणारे, कोरीव काम करणारे, गोधड्या शिवणारे बरेच होते, पण त्यांचं काम टांगायला भिंत नव्हती. सगळं माउंट नीबो चर्चच्या तळघरात, बॉयलरशेजारी भिंतीकडे तोंड करून उभं असायचं. फेब्रुवारीत मात्र नदीपलीकडच्या मोठ्या संग्रहालयाला आमची आठवण व्हायची, कारण तो महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा. चार चित्रं गाडीत घालून न्यायची आणि एक मार्चला परत आणून टाकायची. महिनाही निवडला आहे तो वर्षातला सगळ्यात आखूड.

रोशेलनं ठरवलं की आपली संस्था काढायची. बैठकीला जागा कुठे? मिस लुवेनिया म्हणाल्या, "सोमवारी या. तसंही बंदच असतं."

अशी सोमवारी माणसं जमू लागली. त्यातली दोन सांगण्यासारखी. एक डीकन पर्विस. हे चर्चमधले मानाचे गृहस्थ, तीस वर्षं चित्रं काढत होते आणि तीस वर्षं एकच नदी काढत होते. दुसऱ्या मिस ओपल. या गोधड्या शिवायच्या. मिस लुवेनिया आणि मिस ओपल शाळेपासूनच्या मैत्रिणी, म्हणजे शाळेपासून भांडत होत्या.

पहिल्याच बैठकीत रोशेलनं समजावलं, "ही नफा न करणारी संस्था असेल."

"तीस वर्षं चित्रं काढतोय, नफा झालेला नाही," डीकन गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे मी एकटाच संस्था आहे."

"तुमच्या चित्रांकडे बघून वाटलंच होतं मला," मिस ओपल म्हणाल्या.

संस्थेच्या नावावर तीन सोमवार भांडण झालं. डीकनना नावात नदी हवी होती. मिस ओपलना डीकनना हवं ते सोडून काहीही चालणार होतं. शेवटी रोशेलनं कंटाळून दाराकडे बघितलं, आणि पाटीवर होतं तेच नाव ठेवलं. तेव्हापासून आमच्या संस्थेचं नाव 'सोमवारी बंद'. ती त्या काळी फक्त सोमवारी उघडी असायची.

आता अडचण एकच होती. मिस लुवेनिया इस्टरनंतर पार्लर कायमचं बंद करून, इमारत विकून, अटलांटाला मुलीकडे जाणार होत्या. मुलीनं खोली रंगवून घेतली होती. चर्चनं निरोपाचं जेवण घातलं होतं, लिंबाचा केक कापला होता, त्यावर 'जपून जा, लुवेनिया' असं लिहिलं होतं. आमच्याकडे निरोपाचा केक ही गंभीर गोष्ट आहे. तो पोटात गेल्यावर माणसानं गावात दिसू नये. पूर्वी एका पास्टरनं केक खाऊन जायचा बेत रद्द केला होता. लोक अजून त्याला 'केकवाले' म्हणतात.

इतर दिवशी मिस लुवेनिया दुसऱ्यांचे केस करायच्या, म्हणून सोमवारी स्वतःचे करून घ्यायच्या. बैठक चालू असताना त्या रोलर लावून माझ्याखाली बसायच्या. मी घरघरत असायचो. त्यांना ऐकू काही येत नसे, पण घर आपलं आहे म्हणून त्या अधूनमधून सगळ्यांकडे बघून हसायच्या.

अशाच एका सोमवारी रोशेल उभी राहिली. "आपल्याला भिंती हव्यात," ती म्हणाली. "तळघरात ओल आहे. माझी एक विनंती आहे, राग मानू नका. मिस लुवेनिया, ही जागा विकण्याऐवजी संस्थेला द्याल का?"

मिस लुवेनियांनी तिच्याकडे प्रेमानं बघितलं आणि मान हलवली.

टाळ्या झाल्या. डीकननी रुमाल काढला. टाळ्या दिसल्यावर मिस लुवेनियांनी माझा टोप वर सारला. "काय झालं? कुणाचा वाढदिवस?"

"तुम्ही आम्हाला जागा दिलीत," रोशेल म्हणाली.

"मी? कधी?"

"आत्ता. मान हलवलीत."

"मला वाटलं तू विचारतेस, कॉफीबरोबरचा केक कापू का."

"मग निदान तो तरी काप," मिस ओपल म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मिस लुवेनियांनी सगळ्यांची तोंडं बघितली. "पोरी, माझी मुलगी वाट बघतेय. निरोपाचा केकसुद्धा खाऊन झालाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ड्रायरखालचं धरायचं नाही."

नियम त्यांचाच होता. रोशेल खाली बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे, मिस लुवेनिया." तिनं केकही कापला. पण तो कुणाला गोड लागला असेल असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात नळ फुटला. चित्रं पाण्यात उभी राहिली. रोशेल आणि डीकन ती काखोटीला मारून, वरून प्लॅस्टिक घालून, थेट आमच्या दारात आले. मिस लुवेनियांनी त्यांच्या ठिबकणाऱ्या बुटांकडे बघितलं.

"इस्टरपर्यंत," त्या म्हणाल्या. "खिळा मारायचा नाही. दोरीनं टांगायचं. आणि डीकन, तुमची नदी आरशासमोर नको. दोन नद्या मला सोसणार नाहीत."

म्हणून डीकनची नदी माझ्या बरोबर समोर आली. आणि मित्रांनो, तिथून माझ्या आयुष्याला नवं वळण लागलं.

संग्रहालयात माणूस एका चित्रासमोर किती वेळ उभा राहतो? नाव वाचून होईपर्यंत. माझ्याखाली बसलेल्या बाईला मात्र केस वाळेपर्यंत उठता येत नाही. समोर जे टांगलंय ते बघावंच लागतं. पहिल्या दिवशी बायकांनी नदीकडे दुर्लक्ष करून बघितलं. दुसऱ्या दिवशी ते जमेना. शुक्रवारी मिस ओपल माझ्याखाली बसल्या, बराच वेळ टक लावून बघत राहिल्या आणि स्वतःशी पुटपुटल्या. टायरवाल्यानं पान्हा खाली ठेवला.

"ही नदी आहे की ग्रेव्ही?"

डीकन पर्विस दाराशी खुर्चीत बसले होते. पार्लरमधली सगळी मासिकं एकदम वर गेली. डीकननी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मिस लुवेनियांनी नुसता कंगवा वर केला. नियम म्हणजे नियम. ते चित्र काढून घरी घेऊन गेले. पुढच्या शुक्रवारी परत आणलं.

"आता पाण्यासारखी वाटते," मिस ओपल ओरडल्या. "पण या बाजूला अंधार का? माणसानं पाय कुठे ठेवायचा?"

डीकन परत चित्र घेऊन गेले. तीस वर्षं त्यांच्या नदीला काठ नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भेटेल तो "छान आहे, डीकन" म्हणून पुढे जायचा. तिसऱ्या खेपेला नदीला काठ आला, काठावर पायवाट आली, आणि मिस ओपल केस वाळून गेले तरी उठेनात.

ही बातमी पसरली. चित्रकार मंडळी शुक्रवारी हमखास पार्लरमध्ये येऊन मासिक उलटं धरून बसू लागली. माझ्याखालून खरं ते ऐकायला मिळायचं. बोलणारीला वाटायचं आपण मनात म्हणतोय, आणि ऐकणाऱ्याला नियमानं रागावता येत नसे. केस ज्यांना करायचेच नव्हते अशाही बायका येऊन माझ्याखाली बसून गेल्या. माझ्यावरचे टॉवेल उचलले गेले. मी म्हातारपणी परत तरुण झालो होतो.

पण इस्टर जवळ येत होतं. मिस लुवेनियांच्या घरात खोकी बांधली जात होती. रोशेल चित्रांसाठी जागा शोधत हिंडत होती आणि मिळत नव्हती. तळघर वाळलं होतं, बॉयलर होता तिथेच होता.

इस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझ्याखाली शेवटच्या मिस ओपल बसल्या. समोर त्यांची स्वतःची गोधडी टांगलेली होती. मिस लुवेनिया पाठ करून दुसऱ्या एका बाईच्या केसांना रोलर लावत होत्या. मिस ओपल गोधडीकडे बघत पुटपुटू लागल्या.

"ही गेल्यावर भांडू कुणाशी? त्या डीकनशी? तो लगेच देवाचं नाव घेतो. परत ते तळघर, परत तो जिना. सोमवार घालवायचा कुठे माणसानं? अटलांटात काय हिचं? कुणी ओळखणारसुद्धा नाही, कॉफीत साखर किती ते सांगावं लागेल प्रत्येकाला."

पार्लरमध्ये कुणी पान उलटलं नाही. मिस लुवेनियांच्या हातातला रोलर केसात अडकल्यासारखा थांबला. मग त्यांनी तो नीट गुंडाळला, टाचणी लावली आणि पुढचा उचलला.

त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी तुटलं. एवढ्या वर्षांचा वारा एका उचकीसरशी संपला.

"झाले का वाळून?" मिस ओपलनी एकदम आलेल्या शांततेत विचारलं.

"झाले," मिस लुवेनिया म्हणाल्या. झाले नव्हते. पण त्यांनी मिस ओपलच्या डोक्याला स्कार्फ बांधून दिला. सगळ्या गेल्यावर त्यांनी माझं बटण खालीवर करून बघितलं, वायर हलवून बघितली, टोपावर थाप मारली. मी गप्प. मी मेलो आहे हे त्यांना कळलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

इस्टरनंतरचा सोमवार आला. बाहेर एप्रिलचा अवेळी बर्फ भुरभुरत होता. मंडळी चित्रं उतरवायला जमली. मिस लुवेनिया डोकं ओलं करून, रोलर लावून आल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी खिडकीतला पंखा लावला. तो पंखा माझ्याइतकाच म्हातारा होता आणि माझ्यासारखाच घरघरायचा.

डीकननी कोटाची बटणं लावली. "लुवेनिया, बाहेर बर्फ पडतोय," मिस ओपल म्हणाल्या.

"मला उकडतंय," मिस लुवेनिया म्हणाल्या. त्या माझ्याखाली येऊन बसल्या, टोप डोक्यावर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं. खट्. माझ्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

रोशेलनं पहिली दोरी सोडली. डीकननी आपली नदी छातीशी धरली. मिस ओपलनी गोधडी अर्धी घडी केली आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या पंख्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"थांब गं रोशेल," त्या म्हणाल्या. "मागचं एकदा परत विचारून बघते." आणि ओरडायचं सोडून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लुवेनिया, जागा या पोरांना दे. आणि तूही जाऊ नकोस. चालेल का?"

माझ्या टोपाखाली इतकं शांत होतं की मला मिस लुवेनियांचा श्वास ऐकू येत होता. तो आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. मग त्यांनी मान हलवली. नेहमीसारखी भराभर नाही. एकदा खाली, एकदा वर.

रोशेलच्या हातातली दोरी तशीच राहिली. मिस लुवेनियांनी टोप सारला. "काय झालं? सगळे असे का उभे?"

"काही नाही, मिस लुवेनिया," रोशेल घाईनं म्हणाली. "ड्रायरखालचं धरायचं नाही."

"काय धरायचं नाही? कशाला मान हलवली मी?"

तिनं सांगितलं. मिस लुवेनिया उठून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एकदा हलली तर ती चूक, पोरी," त्या म्हणाल्या. "तीच मान त्याच प्रश्नाला दुसऱ्यांदा हलते, तेव्हा ती मी हलवत नाही." त्यांनी छताकडे बोट केलं.

"आमेन," डीकन म्हणाले.

"ऐकलंत? डीकन साक्षीला आहेत. देवाच्या मनातच आहे तर मी कोण नाही म्हणणार? अटलांटाला फोन तुम्हीच करा, डीकन. माझी मुलगी तुमचं ऐकते."

"आणि केकचं काय?" मिस ओपलनी विचारलं.

"ज्याला परत हवा असेल त्यानं येऊन मागावा."

"तुझे केस ओले आहेत, लुवेनिया."

"ओपल, तू ती गोधडी परत टांग."

मित्रांनो, माझे कष्टाचे दिवस तिथे संपले. पार्लर बंद झालं, 'सोमवारी बंद' रोज उघडू लागली. आता खिळे मारायलाही परवानगी आहे. मुलीनं अटलांटातल्या खोलीला परत जुना रंग दिला आणि नाताळला स्वतःच इकडे आली. संस्थेला अध्यक्ष हव्या होत्या, त्या मिस लुवेनिया झाल्या. अध्यक्षांना खुर्ची हवी होती, ती मी झालो. आता त्या टोप वर करून बसतात आणि सगळं ऐकतात, त्यामुळे बैठका लांबतात. फेब्रुवारीत नदीपलीकडच्या संग्रहालयाचे लोक अजूनही येतात. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून, ही कलाकृती कुणाची म्हणून विचारलं होतं. मिस ओपल म्हणाल्या, "सामुदायिक आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात रोशेलच्या मनात आलं की मला पुन्हा चालू करावं, मुलांना गंमत वाटेल. तिनं वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. मागचं झाकण उघडून बघितलं, तर पंखा तुटून पडलेला आणि त्याच्यावर कित्येक वर्षांची धूळ. ती विचारात पडली. पार्लर बंद झाल्यावर मला कुणी चालू केलंच नव्हतं. माझ्याखाली बसून बटण दाबणाऱ्या शेवटच्या मिस लुवेनियाच. हळूहळू तिची नजर खिडकीतल्या पंख्याकडे गेली.

"काय बघतेस गं?" मिस लुवेनियांनी दारातून विचारलं.

रोशेलनं झाकण लावलं. वायर काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या पाठीमागे अडकवली. "काही नाही, मिस लुवेनिया," ती म्हणाली. "धूळ पुसतेय."

तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्याचं एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत कुणी चित्र काढत असेल, कुणी गोधडी शिवत असेल, तर 'छान आहे' म्हणून पुढे पळू नका. केस वाळेपर्यंत तरी समोर बसा. काठ दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांगा, आणि त्याला भिंत लागली तर आपल्या घरातली द्या. घरातलं जुनं यंत्र थांबलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. मी सगळं आयुष्य घरघरत काढलं, पण माझ्या हातून जे एक मोठं काम झालं, ते मी बंद पडल्यावर झालं.

आणि हो, हे सगळं तुम्ही माझ्याखाली बसून ऐकलंत. बाहेर गेल्यावर कुणी विचारलं तर नुसती मान हलवा.